कोपऱ्यातला दात

सुरभीचा हात मनगटापर्यंत बैलाच्या तोंडात होता आणि बैल तिच्याकडे, आहेर न आणता जेवायला बसलेल्या पाहुण्याकडे बघावं, तसा बघत होता. नागपूरहून शिकवायला आलेल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, वय सांग. बोरी अरबच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या लोखंडी खोड्याभोवती बाकीचे पशुधन पर्यवेक्षक पुढे सरकले. प्रशिक्षणाची ही शेवटची परीक्षा. दातांवरून वय सांगायचं, मग गालाला टोचणारी दाढ कानशीनं घासायची. जमलं तर सुरभीची कंत्राटी नोकरी टिकणार होती. चुकलं तर घरी बसायचं.

ती कापसाची पडती वर्षं होती. बोंडात अळी होती, बाजारात भाव नव्हता, आणि सरकारनं बैलांच्या दातांची निगा राखायचं मनावर घेतलं होतं. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी एका बैलाच्या तोंडात डोकावून, वरचे पुढचे दात पडले बिचाऱ्याचे, म्हणून हळहळ व्यक्त केली. बैलाला ते जन्मापासूनच नसतात, हे कोणी बोललं नाही. जेवण पाहुण्यांकडून होतं.

सुरभीला बैलाच्या तोंडाची भीती नव्हती. सकाळीच तिच्या तान्ह्या लेकीनं दोन नव्या कोऱ्या दातांनी तिचं बोट फोडलं होतं; त्या मानानं बैल सज्जन. आजोबानं, म्हणजे सुरभीच्या बापानं, घनश्यामनं, नातीचं तोंड उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, कुठं आले दात? सगळे हसले होते. घनश्याम थट्टा करणारच.

घनश्याम हेडी होता, बैलांचा व्यापारी. दोन, चार, सहा, आठ हे आकडे सुरभी शाळेच्या आधी बैलाच्या खालच्या जबड्यावर शिकली होती. आठ दात आले की बैल जुळला, म्हणजे ऐन उमेदीत आला. पुढचं वय झिजेवरून ओळखायचं. आणि झीज म्हणजे, घनश्यामच्या मते, देवाच्या हातून झालेली चूक. ती कानशीनं दुरुस्त करता येते. त्यानं किती म्हाताऱ्या बैलांना तारुण्य दिलं याची गणती नव्हती. तो डावखुरा. त्याची कानस एका बाजूला किंचित कलायची, घरच्यांनाच कळावं इतकी. लहानपणी सुरभी शिंगं धरून उभी राहायची, बाप घासता घासता गुणगुणायचा, आणि बैल दाढीला बसलेल्या नवरदेवासारखा डोळे मिटून घ्यायचा.

आज तोच कल तिच्या अंगठ्याखाली आला.

दात सरळ होते, पांढरे होते, नुकत्याच जुळलेल्या बैलाचे वाटावेत असे. फक्त कोपऱ्यातला एक तसाच राहून गेला होता. खडबडीत, पिवळा, झिजून वाकडा झालेला.

बैलाचा मालक जब्बारचाचा खोड्याला टेकून, न पेटवलेली बिडी चघळत उभा होता. पंप दुरुस्त करणारा माणूस, जोडीला थोडं वावर. गेल्याच बाजारात त्यानं हा बैल घनश्यामकडून घेतला होता. खरं सांगावं तर बापाची अब्रू चव्हाट्यावर, खोटं सांगावं तर नोकरी गेली. सुरभीनं बैलाकडे पाहिलं. त्याचं याबाबत काही मत दिसलं नाही.

"म्हातारा आहे मॅडम," ती म्हणाली. "दात घासलेत. हा एक राहिला, तेवढाच खरा."

मॅडम खूश झाल्या. त्यांनी तो दात सगळ्यांना दाखवला. कोणीतरी विचारलं की घासले कोणी, तेव्हा गावातले दोघे-तिघे उगाच खोकले. मग सुरभीनं उजव्या हातानं दाढ घासली, मॅडमनी पास म्हणून मान हलवली, आणि सगळे जेवायला पांगले.

ती बैल सोडायला थांबली. खाली बघत म्हणाली की चाचा, बाबांना बैल वापस घ्यायला सांगते. जब्बारचाचानं बिडी कानावर अडकवली.

"कायले? घासलेला हाये थे मले घेतानीच दिसलं. कानशीचा घाव मेकॅनिकपासून लपते काय, बेटी? मले हळू चालनाराच बैल पाह्यजे होता." त्यानं बैलाच्या वशिंडावर हात ठेवला. "पन घनश्यामच्या हातून दात सुटला, असं कधी झालं नाही. त्याले जवळचं दिसत नाही आता."

सुरभीला सकाळचं हसू आठवलं. घरात एकटा बापच हसला नव्हता.

चाचा हळू आवाजात सांगत राहिला. या लोकांना नुसता दात दिसला. पण येत्या बाजारात चाचा याच बैलाची गाडी घेऊन जाणार, आणि हेड्यांची खोडच अशी, की रस्त्यानं चाललेल्या परक्या बैलाचंही तोंड उघडून बघतात. घनश्यामचं काम ते ओळखतात. एक दात सुटलेला दिसला की का सुटला हेही त्यांना दिसणार. मग पुढच्या बाजारापासून जो तो म्हातारे बैल तरणे म्हणून घनश्यामच्याच गळ्यात बांधणार.

"म्हनून तुह्याकडं आनला," तो म्हणाला. "दाढेचं निमित्त."

सुरभीनं व्हरांड्याकडे पाहिलं. मॅडमच्या ताटात नुकतीच भाजी पडत होती. बैलानं आपणहून डोळे मिटले.

तिनं कानस उचलली, आणि डाव्या हातात घेतली.