हौसाबाईच्या रक्तातलं ऊन

सुई टोचली तरी हौसाबाईनं तोंड वाकडं केलं नाही. शेजारच्या खाटेवर तिचे ठेकेदार, देशमाने, निजून होते. छपराखालच्या शहरात, जन्मभर ऊन न बघता वाढलेल्यांना आता हाडांच्या गोळ्या लागू पडत नसत. त्यांची हाडं टिकायची ती उन्हात राबणाऱ्यांच्या रक्तावर. देशमान्यांना चालेल असं रक्त रस्त्याच्या अख्ख्या कामावर एकट्या हौसाबाईचंच होतं.

"अक्का, तुझ्या रक्तात ऊनच नाही!" डॉक्टरीणबाई यंत्राकडे बघत म्हणाल्या. "दिवसभर डांबर टाकतेस, मग हे कसं?"

"कामावर सगळ्याच बाया अंग झाकून घेतात, बाई. मी जरा जास्तच झाकलं." लुगड्यावर नवऱ्याचा, भिकाजीचा, लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला फडकं. "सात महिने बोटभर कातडी उन्हाला दाखवली नाही."

"अगं, तुझीही हाडं ठिसूळ झालीत!"

"ठाऊक आहे. टोपलं उचलताना कळतं."

देशमान्यांनी कशीबशी मान वळवली. "का गं हौसे?"

"वैशाखात माझ्या भिकाजीनं घटकाभर सावली मागितली होती, मालक. तुम्ही हसलात. तो तापल्या डांबरावरच गेला."

"उद्यापासून सगळ्यांना दुपारी मांडव घालून देतो. पण तू तो सदरा उतरव."

"मांडव घाला. बाया दुवा देतील." हौसाबाईनं गळ्याशी सुटलेलं बटण लावलं. "सदरा मात्र उतरायचा नाही."