रुमाल सोडल्यावर

नदीकाठची ती कातड्यांच्या व्यापाराची लाकडी गढी कधीच जळून गेली होती. आता हुबेहूब तशीच पुन्हा उभी केली आहे. माझी धाकटी बहीण जोसेट तिथे गढी बघायला येणाऱ्यांसाठी दोनशे वर्षांपूर्वीची बाई होऊन बसते. तिथला नियम आम्हा घरच्यांनाही पाठ आहे: डोक्याला रुमाल असेतोवर ती त्या काळातली, रुमाल सोडला की आपली.

मी गेले तेव्हा ती फांदी वाकवून केलेल्या कड्यात ताणलेलं, नदीतल्या बीव्हर प्राण्याचं कातडं खरवडत होती.

"जोसेट, आईला दवाखान्यात ठेवलंय. सकाळपासून तुझाच धोशा लावलाय तिनं. चल."

"होडीनं आलात का, बाई, की पायी?" ती हसून म्हणाली.

"गाडीनं आले, शहाणे! नाटक पुरे. काढ तो रुमाल."

तिनं गाठ सोडली, रुमाल मांडीवर घेतला. माझा जीव भांड्यात पडला. पण नजर तीच राहिली, मऊ आणि परकी.

"तुमची आई आजारी आहे? वाईट झालं हो."

"आपली आई, जोसेट! तुझ्या वेण्या घातल्यात गं मी..."

तेवढ्यात तिच्यामागच्या खोलीतून आईचा आवाज आला. जराही दम न लागलेला, आमच्या लहानपणी नदीवरून हाक मारायची तसा.

"कोण आलंय गं, पोरी?"

"कोणी नाही, आई. वाट चुकलेली बाई आहे."

"आई, मी! क्लेमान्स!" मी ओरडले.

मग आई म्हणाली, "मला तर एकच लेक आहे. दार लावून घे."