दुसऱ्या अल्बमचे श्रोते

गिटारवर स्वतःच रचलेली लोकगीतांच्या ढंगाची गाणी गाणाऱ्या प्रशिकचा दुसरा अल्बम आला, आणि नागपूरच्याच एका समीक्षकाने लिहून टाकलं, ‘पहिल्या अल्बमची गोडी यात नाही.’ प्रशिकने त्याला मनातल्या मनात लाख शिव्या घातल्या.

एप्रिलमध्ये तो खापरखेड्याला आईकडे गेला, तर भर दुपारी कॉलनीतल्या चार-चार गच्च्यांवरून त्याचीच नवी गाणी ऐकू येत होती! ‘ये म्हणावं आता त्या समीक्षकाला!’ असं पुटपुटत तो उड्या मारत गच्चीवर गेला. शेजारच्या बायजाकाकू तिथे कुरड्या वाळत घालत होत्या आणि बाजूला स्पीकर ठणाणा वाजत होता.

“काकू, आवडला ना अल्बम?”

“लय कामाचा हाय बाबू! हे गाणे लावले का एक माकड कुरडईजवळ येऊन नाही राहिलं.”

प्रशिकचा चेहरा खाडकन उतरला. काकूंना त्याची दया आली. त्यांनी मायेने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“तोंड काहून पाडतं गा? तुया पयला अल्बम लावला होता, तवा सारे माकडं कुरड्या खात शेवटपर्यंत ऐकत बसले होते!”