पाहुणे चारला येणार होते

येलदरीच्या पुलावर मिनाचा फोन तिसऱ्यांदा वाजला. तिनं गाडी कठड्याला लावली, मामाचं नाव पाहिलं आणि फोन बंद न करता तसाच जॅकेटच्या खिशात वाजू दिला.

"उचल तरी," मागं बसलेली शिला म्हणाली. "मामा हाय तो, दुश्मन न्हाई."

"आज हाय."

मागून दुसऱ्या गाडीवर शाहिस्ता आली. गाडी तिच्या भावाची, आसिफची. त्याला विचारलंस का, असं शिलानं विचारलं. विचारलं, शाहिस्ता म्हणाली, पण तो झोपेत होता.

तिघी रोज पहाटे सेनगावच्या मैदानावर पोलीस भरतीसाठी धावायच्या. मैदानी चाचणी पुढच्या महिन्यात होती. आणि आज, नेमकं आज, साखऱ्याजवळच्या तांड्यात मिनाच्या घरी चारला पाहुणे येणार होते.

सोयरिकीचं घरात कुणी उघड बोलत नाही. 'पाहुणे येऊन राहिले' एवढंच म्हणतात, बाकी ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. मिनानं समजून घेतलं होतं. आठवडाभर धर्मसिंगमामाच्या फेऱ्या वाढल्या होत्या. घर सारवून झालं होतं. काल रात्री याडीनं, म्हणजे तिच्या आईनं, जिवनबाईनं, भाकरी वाढता वाढता विषय काढलाच: तू भरतीत गेलीस की हे घर रिकामं, मिना, म्हणून एक गोष्ट बोलायची होती. मिनानं तिला तिथंच तोडलं. मला सगळं माहीत हाय, माझं उत्तर 'न्हाई' हाय, आन ते बदलणार न्हाई. जिवनबाई दुसरी भाकरी घ्यायला वळली. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

पहाटे मिनानं बापूची, म्हणजे तिच्या वडिलांची, मोटारसायकल बाहेर काढली. बापू वारल्यापासून ती गाडी तिनंच चालवली, तिनंच दुरुस्त केली. दिवस बुडाल्याशिवाय परतायचं नाही, असं तिनं मैत्रिणींना बजावलं. बघायला आलेल्यांना मुलगी दिसलीच नाही, तर ते बघणार काय?

जिंतूर मागं पडलं आणि औंढ्याकडचा डोंगर सुरू झाला. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला सागाची सुकलेली पानं. वळणामागं वळण. मिना वळणात शिरताना ब्रेकला हात लावत नव्हती. आधीच गियर उतरवायची आणि बाहेर पडताना ओढायची. शिलानं तिच्या जॅकेटला दोन्ही मुठींनी धरलं होतं आणि ती नागनाथाचं नाव घेत होती.

चढावर एका गाडीवरची दोन पोरं बरोबरीनं चालू लागली. त्यातलं एक ओरडलं, घरी सायपाक कोण करून राहिलंय?

"तूच करून ठेव," शाहिस्ता म्हणाली. "आमी येऊनच राहिलो जेवायला."

पुढच्या तीन वळणांत त्यांनी त्या पोरांना मागं टाकलं. वर पोचल्यावर तिघी इतक्या हसल्या की शिलाला खाली बसावं लागलं.

घाटमाथ्यावरच्या हॉटेलात त्यांनी चहा घेतला. बाहेर सीताफळांच्या पाट्या मांडल्या होत्या. शिलानं मिनाचा फोन घेतला आणि मामानं रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. मामाचा आवाज थकलेला होता.

"मिना, तू न्हाईस तर गोष्ट पुढं जाणार न्हाई. तुझ्या तोंडून व्हय पाहिजे. माझ्यासाठी नको, तुझ्या याडीसाठी तरी ये."

शिलानं मिनाकडं पाहिलं. अजून निघालो तर पोचू, असं ती हळूच म्हणाली.

"मी ऐकना म्हटल्यावर आता याडीला पुढं केलं," मिना म्हणाली. "चल. हिंगोलीवरून जाऊ. लांबचा रस्ता."

चार वाजले तेव्हा त्या औंढ्याच्या पुढं होत्या. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मिनानं हेल्मेटची काच वर केली आणि तोंडावर वारा घेतला. आज तिला कुणी चहाचा ट्रे धरायला लावला नव्हता. कुणी तिला चालून दाखव म्हटलं नव्हतं.

दिवस बुडताना ती तांड्यात शिरली, तेव्हा तिनं मुद्दाम गाडीचा आवाज चढवला. ऐकू द्या सगळ्यांना. मामाची गाडी दारात नव्हती. जिवनबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. मिना उंबऱ्यातच उभी राहिली. भांडणाची सगळी वाक्यं तिनं वाटेत तयार केली होती.

"गेले?"

"गेले."

"काय सांगितलं त्यांना?"

"न्हाई म्हणून सांगितलं."

एकही वाक्य लागलं नाही. मिना चुलीपाशी आईला खेटून बसली. मग तिला हसू आलं, आणि ती दिवसभराचं सांगत सुटली: घाट, ती पोरं, शिलाचा नागनाथ. जिवनबाईनं सगळं ऐकून घेतलं. जेवली का, विचारलं.

"मामा चिडला आसंल."

"लई समजावलं त्यानं. म्या म्हटलं, लेकरू दिवसभर फोन उचलंना, म्हंजे तिला पसंत न्हाई. तिच्या मनाइरुद्ध मला काईच करायचं न्हाई."

मिनानं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. जिंकलेल्या माणसाला परवडते तेवढी चौकशी तिनं केली.

"दिसायला कसा व्हता?"

"शांत व्हता. बायको जाऊन दोन सालं झाली. लेकी नांदाया गेल्या. हातानं करून खातो."

मिना ताडकन उठली. "असला म्हातारा आणला मामानं? माझ्यासाठी?"

जिवनबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"तुझ्यासाठी कुठं, बाई," ती म्हणाली. "माझ्यासाठी आलते."