आधी तू

राजाच्या शिपायांनी धान्य मागायला गेलेल्या बापाला गोळी घातली, तेव्हा दोघं भाऊ पेटून उठले आणि राजाला हाकलूनच थांबले. आता थोरल्याच्या हातात फौज होती, धाकट्याच्या हातात कारभार. आईने मोठ्या हौसेने दोघांना घरी जेवायला बोलावलं.

ताटं वाढून झाली, पण पहिला घास कोणी उचलेना.

"दादा, आधी तू."

"छे, तू लहान. आधी तू."

लेकरांची माया बघून आईला भरून आलं. मग तिला एकमेकांवर रोखलेल्या दोघांच्या नजरा दिसल्या. तिने दोन्ही ताटांतला एकेक घास खाल्ला.

"आता तरी जेवाल?"

थोरल्याने ताट बाजूला सारलं.


"आई, खरं सांग. कुठल्या बाजूचा घास घ्यायचा, ते याने तुला सांगून ठेवलंय ना?"