टिटवी-तीन

"विमान काढतो ना, त्याच्यात काय हाये! पण कोन्त्या देशाचं?" वाजिद पेंटरनं ब्रश रॉकेलमध्ये बुचकळत विचारलं. "शेपटीवर तिरंगा मारू?"

झिंगूनं बायकोकडे पाहिलं. सोमारी मोहाच्या झाडाखाली बसली होती. शेजारीच, रोवायचं टोक खड्ड्यात सोडून, बुंध्याला टेकवून सागाचा खांब उभा केला होता. उद्या तो त्यांच्या सुनिलच्या नावानं गावाबाहेर रोवायचा होता. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्याच्या खांबावर काढायचं, ही माडियांची रीत. कुणाच्या खांबावर बैल असतो, कुणाच्या ढोल, अलीकडे तर मोटरसायकलीही दिसतात. सुनिलच्या खांबावर काय काढायचं, हे कुणाला विचारावंच लागलं नव्हतं.

"त्याचा देश येगळा होता," झिंगू म्हणाला. "पोरोनार. त्यानंच बनवला होता. नकाशात नाई तो."

"आता घ्या!" वाजिद हसला. मग त्याची नजर सोमारीवर गेली आणि हसू तिथंच जिरलं. "बरं, नमुना तरी हाये का एखादा?"

नमुना कुठून असणार? पोरानं बांबू तासून केलेली सगळी विमानं झिंगूनं आपल्या हातानं त्याच्या उशाशी पुरली होती. मेलेल्याच्या वस्तू त्याच्यासोबत द्यायच्या, मागं काही ठेवायचं नाही. त्या दिवशी बापाला ही रीत आठवली आणि खांबाची नेमकी विसरली. आता उद्या चुकीचं विमान उभं राहिलं, तर ते जन्मभर तसंच राहणार.

"टिटवी नाव होतं त्याचं," झिंगू आठवून सांगू लागला. "तोंडाशी बंदूक. लय खालून उडते म्हने."

"टिटवी? अरे बापा, असं अपशकुनी नाव काऊन ठेवलं?"

"टिटवी जमिनीवर अंडे घालते," सोमारी बोलली. "कोनी जवळ गेलं का डोक्यावर घिरट्या घालते, ओरडते, अंगावर येते. त्याचं विमान तसंच. लढाईत खाली अडकलेल्या मानसानं हाक मारली का त्याच्यापाशी यायचं. बाकीचे विमानं वरच्यावर निंघून जातात. हे जात नाई."

आठवडी बाजाराचा रस्ता सांगावा, तसं तिनं हे सांगितलं. पावसाळ्यापासून ती असंच बोलायची. बायका म्हणत, रडून घे वो, मोकळी होशीन. पण रडू आणायचं कुठून? आत काही हलतच नव्हतं. भाजीत मीठ पडलं नाही, हेही तिला कळत नसे.

वाजिदनं खांबावर खडूनं विमान रेखाटलं. एक सीट, पुढं बंदूक. झिंगूनं मान डोलावली.

"हे नाई," सोमारी म्हणाली. "हे टिटवी-एक हाये."

"म्हंजे? कितीक हायेत बाई?"

"तीन. एक लढाईची. दुसरी दोन सीटची, शिकवाले. तिसरी खांबावर काढा."

झिंगूला तिसरी ठाऊकच नव्हती. "तिसरी कवा केली त्यानं?"

"बुधरीआत्याले पुरात खाटेवर नेलं, त्या साली. बंदूक काढून टाकली तिची. पोटात खाट मावते. कुठीबी उतरते, नदीच्या काठालेबी."

झिंगूची नजर नदीकडे वळली. यंदाही तीच नदी होती आणि तसाच पूर. साप चावलेलं पोरगं काठावर खाटेवर पडलेलं होतं. बोट निघाली, बोट निघाली, असं फोनवर सांगत होते. सगळ्या गावाचे डोळे पाण्याकडे लागलेले. सुनिल तेवढा वर बघत होता. विषानं डोळे फिरले, असं सोमारीला तेव्हा वाटलं होतं.

वाजिदनं फडक्यानं खडूच्या रेघा पुसल्या. बंदूक गेली, पोट रुंद झालं. खांबाच्या अगदी वर त्यानं टिटवी-तीन काढली. सगळे काढतात तशी, आभाळाकडे तोंड करून.

"तोंड खाली करा," सोमारी म्हणाली.

"पडून राह्यलं असं दिसन, बाई."

"पडून नाई. उतरून राह्यलं."

वाजिदनं पुन्हा फडकं फिरवलं. "मंग किती खाली घेऊ?"

सोमारी उठली. खांबापाशी आली आणि खाटेवर निजावं तशी भुईवर उताणी निजली. झिंगू तिला उठवायला धावला, पण वाजिदनं त्याला हातानंच थांबवलं. तिनं उजवा हात वर केला. बोटं सागाच्या लाकडाला लागली.

"इथी," ती म्हणाली. "निजल्या निजल्या हात पुरला पाह्यजे."

वाजिदनं गुडघे टेकले आणि तिच्या बोटांच्या टोकाशी खडूनं खूण केली.

"झालं, बाई. उठा आता."

सोमारीनं हात खाली घेतला नाही. ती वर बघत होती.