हातभार

भुताच्या सिनेमातला तोडलेला हात रंगभूषाकाराने आपल्याच वडिलांच्या हातावरून बनवला होता, वाकड्या करंगळीसकट. साचा सुकेपर्यंत निमूट बसलेले वडील हसून म्हणाले होते, “चला, तुझ्या भुताला माझा हातभार!” सिनेमा पुरा होण्याआधीच ते गेले. मग सेन्सॉरचं पत्र आलं: हात ठेवलात तर ‘फक्त प्रौढांसाठी’, काढलात तर पोरंटोरंही बघतील. निर्मात्याने विचारलं, “काढू ना रे?” पुढच्या कामावर डोळा ठेवून त्याने मान डोलावली. आईला सांगायचा धीर झाला नाही. भुताच्या नावानेच थरथरणारी आई आज तेवढा हात बघायला थिएटरात आली होती. सिनेमा संपला, दिवे लागले. डोळ्यांवरचे हात काढत ती म्हणाली, “मी मेली घाबरट! नेमके डोळे मिटले. ह्यांचा हात येऊन गेला ना?” “गेला,” तो म्हणाला. “मग उद्या परत येऊ. डोळे उघडेच ठेवीन.”